खारदुंगलाचं खोटं मेडल

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने मला फसवलं. माझा नवरा त्यात सामील होता, डॉक्टरांनी त्याला साथ दिली आणि सायकल मोहिमेच्या कॅप्टनने त्यावर शेवटचा शिक्का मारला. चौघांनी मिळून अकरा महिने माझा आजार माझ्यापासून लपवला आणि वर माझ्या गळ्यात एक खोटं मेडल घातलं. चौघंही म्हणतात, तुझ्या भल्यासाठी. लोकांच्या भल्यासाठी खोटं बोलणारी माणसं मी बाजारात तीस वर्षं बघते आहे. ती सगळी गोडच बोलतात.

मी इंदूरची, छत्रीबागेत वाढलेली. वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा घरात एक काळी पायमशीन होती आणि सहा खाणारी तोंडं. मी त्या मशीनवर फॉल-पिको करायला बसले आणि शिवलेले ब्लाउज सायकलवरून घरोघरी पोचवले. आज माझा जुन्या शिलाई मशीनचा धंदा आहे. कपड्यांचे कारखाने बंद होतात, तिथून मशीन उचलायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या. भाव करताना माझा आवाज चढतो, हे खरं आहे. माझ्याशी भांडून गेलेली माणसं शहरात गल्लोगल्ली सापडतील. पण रंग मारून जुनी मशीन नवी म्हणून विकली, असं त्यातला एकही म्हणणार नाही. माझं गिऱ्हाइकाला एकच सांगणं असतं : "पेट खोल के देख लो भिया, फिर बोलो."

आता हे ज्याने त्याने आपापल्या घरात वाचावं म्हणून लिहिते आहे. विशेषतः ज्यांच्या घरात एखादी फाईल कपाटात वरच्या फळीवर, कपड्यांच्या मागे ठेवलेली आहे, त्यांनी.

साथ में कौन है?

गाठ मला हेल्मेटच्या पट्ट्याने दाखवली. रविवारी सकाळी आमचा सायकलवाल्यांचा गट मानपूरपर्यंत जाऊन परत येतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी त्यात शिरले. तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. त्या दिवशी हनुवटीखालचा पट्टा लावताना मानेला काहीतरी टोचलं. बोराएवढी गाठ, दुखत मुळीच नव्हती. दुखली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. दुखत नव्हती म्हणून दाखवली.

गाठीत सुई घालून झाली, तपासायला तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी दादा बरोबर आला. माझा नवरा निवृत्त शिक्षक, भित्रा माणूस. तो घरीच देवासमोर बसला होता. दवाखान्यातल्या माणसाने दार उघडून हाक मारली, "सुनंदाजी के साथ कौन है?"

मी उठले.

"आप बैठिए मैडम. साथ वाले को भेजिए."

दादा आत गेला. मी मांडीवर पर्स घेऊन बाकावर बसले. वीस मिनिटं. माझ्या गळ्याबद्दल आत दोन पुरुष बोलत होते आणि मी बाहेर भिंतीवरचं, रोज फळं खा असं सांगणारं चित्र बघत होते.

दादा बाहेर आला. "काही नाही गं. जुन्या इन्फेक्शनची गाठ आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, बास."

"फाईल?"

"माझ्याकडे राहू दे. तुला त्यातलं इंग्रजी काय कळणार?"

मला घाई होती. हातोदला एक कारखाना बंद होत होता आणि दुपारच्या आत मशीन बघायच्या होत्या. आयुष्यात मशीनचं पोट उघडून बघितल्याशिवाय जी एक पैसा देत नाही, तिने स्वतःच्या गळ्याचा कागद न बघताच सोडला. एवढी चूक माझी आहे. ती मी कबूल करते. पुढचं सगळं त्यांचं.

पहिल्या बोलीला हो

माझ्या धंद्यात एक नियम आहे. मी मुद्दाम अर्धा भाव सांगते. विकणारा चिडला, हसला, देवाची शपथ घेऊ लागला, तर माल चांगला. तो लगेच "ले जाओ" म्हणाला, तर मी त्या मशीनला हात लावत नाही. मालात खोट असल्याशिवाय कोणी पहिल्या बोलीला हो म्हणत नाही.

त्या उन्हाळ्यात मी घरी बोली लावली. मनालीहून लेह आणि तिथून पुढे खारदुंगला, सगळं सायकलवर. चौदा दिवसांची मोहीम. मी भांडणाची तयारी करून जेवणाच्या टेबलाशी बसले होते. मानपूरलासुद्धा "ट्रक असतात, सांभाळ, पोचल्यावर फोन कर" करणारा माझा नवरा पोळी तोडता तोडता म्हणाला, "जा."

"जा म्हणजे?"

"जाऊन ये. तुझी इच्छा आहे ना."

दादा तर दुसऱ्या दिवशी थंडीचं जॅकेट घेऊन हजर. हा माझा भाऊ भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाही. तो म्हणाला, "चांगल्यातलं घेतलंय. तुला थंडी वाजायला नको."

तिथेच मला कळायला हवं होतं. नियम माझाच होता! पण मला वाटलं, जन्मभर भांडून भांडून शेवटी या घरात माझा भाव ठरला. ते दोघं मला शेवटची इच्छा पुरवत होते आणि मी जिंकल्याच्या आनंदात जॅकेट घालून आरशासमोर उभी होते.

रस्ता

चढ कसा असतो ते चढलेल्यालाच माहीत. पहिल्या दोन दिवसांतच मांड्या दगड झाल्या. वर वर हवा पातळ होते. चार पॅडल मारले की तोंड उघडं पडतं आणि छातीत कोणीतरी मूठ आवळतं. एका डोंगरावर रस्ता एकवीस वेळा वळतो. प्रत्येक वळणाला वाटतं हे शेवटचं, आणि वर बघितलं की आपलाच पुढचा गडी मुंगीएवढा दिसतो. मी प्रत्येक वळणाला एकेका गिऱ्हाइकाची आठवण काढून शिव्या दिल्या. एकवीस वळणं पुरली नाहीत एवढी माणसं निघाली.

कॅप्टन आमच्याच शहरातला, अर्ध्या वयाचा, गोड बोलणारा. दर तासाला सायकल माझ्या बाजूला आणायचा. "ताईजी, थोडं गाडीत बसता का? सगळेच बसतात."

"कोण सगळे? मला एक दाखव."

"नाही म्हणजे, आराम..."

"गाडीत बसायचं असतं तर मानपूरच्या घाटातच बसले असते. चल, पुढे हो."

तेरा दिवस मी एकदाही गाडीत बसले नाही. लेहला पोचले तेव्हा ओठ फाटले होते आणि नाकाचं कातडं सोलून निघालं होतं. दुसऱ्या दिवशी खारदुंगला, शेवटचा चढ. संध्याकाळी चहा पिताना कॅप्टन समोर येऊन बसला. म्हणाला, वर बर्फ पडलाय, मिलिटरीने रस्ता बंद केलाय, मोहीम इथेच पूर्ण धरली आहे. तुमचं विमान उद्या सकाळचं करून दिलंय, बाकीचे लोक गाव बघायला थांबतील. आणि त्याने माझ्या गळ्यात मेडल घातलं. त्यावर खारदुंगला असं कोरलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या.

बर्फापुढे कोणाचा भाव चालतो? मी मेडल घेऊन घरी आले. दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर खिळा ठोकून लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगितलं, "हे मी चढून आलेय." रस्ता शेवटी बंद होता, हेही सांगायचे, पण हळूहळू सांगायचं राहून जाऊ लागलं. त्या भाऊबीजेला ओवाळताना दादाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. मला वाटलं, म्हातारपण.

नागपूरचा पाहुणा

डिसेंबरात एका सकाळी दुकानात बोरकर आले. मोहिमेत ते आमच्याबरोबर होते, नागपूरचे, बोलके. कुठल्या लग्नाला इंदूरला आले होते. दारातच थबकले.

"अरे बाप्पा! ताई, तुम्ही तर एकदम मस्त दिसून राहिल्या!"

"मग कशी दिसायला हवी होते?"

"नाही, म्हणजे, आम्ही सगळे काळजीत होतो ना. कॅप्टनने सांगितलं होतं आम्हाला, तुमचं ते. ट्रीटमेंट सुरू झाली असंल आता?"

माझ्या हातात मशीनचं झाकण होतं. मी ते खाली ठेवलं. बाजारात शिकलेली एक गोष्ट आहे : समोरच्याला माहीत आहे आणि आपल्याला नाही, असं वाटलं की चेहरा हलवायचा नाही. मी म्हटलं, "बसा. काय काय सांगितलं होतं कॅप्टनने?"

बिचारे भाबडे गृहस्थ. मला सगळं माहीत आहे असं समजून त्यांनी सगळं सांगितलं. गळ्याच्या गाठीचा कॅन्सर. माझ्या भावाने कॅप्टनला फोन केला होता की ताईंना शेवटच्या चढावर नेऊ नका, काही झालं तर जबाबदारी कोण घेणार. मग बोरकरांनी प्रेमाने फोन काढला आणि फोटो दाखवले. माझं विमान उडालं त्याच दिवशीचे. निळं आभाळ, पताका, आणि खारदुंगलाच्या पाटीखाली माझा अख्खा गट. बर्फ रस्त्याच्या कडेला, ओंजळभर.

"तुमची खूप आठवण काढली हो वर," ते म्हणाले.

मी त्यांना चहा पाजला, दारापर्यंत सोडलं. मग भिंतीवरून मेडल काढून मोडक्या सुयांच्या डब्यात टाकलं. अनेकांनी मला विचारलं आहे, कळलं तेव्हा आधी काय मनात आलं. मरणाची भीती आली असं सांगायला हवं. ती आली, पण नंतर, अंघोळ करताना, मानेवरून हात फिरला तेव्हा. दुकानात उभी असताना आधी हे आलं, की मी पाच महिने रंग मारलेला माल भिंतीवर लावून बसले होते.

भांडण

नवऱ्याला मी दारातूनच विचारलं, "मला काय झालंय?"

तो खुर्चीत बसला तो उठलाच नाही. अकरा महिने तो नळ सोडून न्हाणीघरात रडत होता, हे त्या दिवशी कळलं. अकरा महिने माझे पाय चेपले, औषधासारखी वेळेवर फळं कापून दिली, माझ्या रागाला एक उलट शब्द बोलला नाही. मला वाटायचं, उतारवयात संसार गोड झाला. ती माया माझ्यावर होती की माझ्या तिरडीवर? मी त्याला हेच विचारलं, ह्याच शब्दांत. आम्ही नंतर दोन महिने एकमेकांशी मिठाच्या डबीपुरतं बोललो.

दादा आला तो तावातावानेच. "हो, लपवलं. आईला सांगितलं होतं, आठवतंय? तिसऱ्या दिवसापासून तिने जेवण सोडलं. तुलाही तसंच बघू?"

"आईला सांगितलं आणि मग तिच्याशी बोलायचं सगळ्यांनी बंद केलं. खोलीत गेलं की सगळे हवापाण्याच्या गप्पा मारायचे. तिने जेवण त्यामुळे सोडलं, दादा."

"तू लहान होतीस. तुला काय कळतंय?"

"मी एकवीस वर्षांची होते. तिला भरवायला मीच होते."

तो उठून गेला. जाता जाता म्हणाला, "डोंगर चढून आलीस, मेडल मिळालं, आणखी काय पाहिजे तुला?"

चाळीस प्रश्न

दादाच्या कपाटात, वरच्या फळीवर कपड्यांच्या मागे ठेवलेली फाईल मी वहिनीकडून काढून घेतली आणि एकटी डॉक्टरांकडे गेले. बाहेरच्या माणसाने विचारलं, "साथ में कौन है?" मी म्हटलं, "मैं हूँ. मेरे साथ मैं हूँ." आणि दार ढकललं.

डॉक्टर म्हणाले, "घरवालों ने रिक्वेस्ट की थी. आप घबरा जातीं."

"घबराना मेरा काम है, डॉक्टर साहब. आपका काम बताना है."

मग मी विचारायला सुरुवात केली. वही घेऊन गेले होते. त्यांनी सांगितलं ते असं : माझ्या कॅन्सरची जात हळू वाढणारी. कित्येक वर्षं माणसं तिच्यासह जगतात. सुरुवातीला नुसतं लक्ष ठेवायचं असतं, म्हणूनच औषध दिलं नव्हतं, म्हणूनच डोंगरावर जायला त्यांची हरकत नव्हती. अगदी वरपर्यंत.

"हे माझ्या भावाला सांगितलं होतं?"

"उन्होंने बस एक बात पूछी, कितने दिन हैं. फिर वो रोने लगे."

वीस मिनिटं आत बसून माझ्या भावाने एक प्रश्न विचारला, आणि तोही चुकीचा. मी त्या दिवशी त्या खुर्चीवर असते तर चाळीस विचारले असते. त्याच्या एका प्रश्नावर अख्खं घर अकरा महिने सुतकात बसलं आणि माझ्या हातातून डोंगर गेला. लपवण्याने एक जण फसत नाही. लपवणाऱ्यालाही खरं काय ते कधीच कळत नाही.

खुर्च्यांची खोली

नव्या वर्षात गाठी वाढल्या आणि सलाइनमधून औषध सुरू झालं. सहा महिने, दर तीन आठवड्यांनी. सकाळी सातला नंबर लावायचा, रक्त द्यायचं, आकडे चांगले आले तर वर जायचं. मोठी खोली, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक माणूस आणि त्याच्या शेजारी स्टुलावर त्याचा 'साथ वाला'. तोंडाला लोखंडाची चव. तिसऱ्या दिवसापासून हाडांत गिरणी चालायची. केस गेले. मला केसांचं दुःख झालं नाही म्हणणाऱ्या बायका खोटं बोलतात. मला झालं, आणि त्या दिवशी मी पोळ्या करणाऱ्या बाईवर विनाकारण ओरडले.

एक सिस्टर होती. पहिल्या दिवशी सुई हातात घेऊन तिने नवऱ्याकडे न बघता मला विचारलं, "कौन से हाथ में लगाऊँ, दीदी?" वर्षभरात या शरीराबद्दल मला कोणी काही विचारायची ती पहिली वेळ. मी मान वळवून खिडकीकडे बघत राहिले.

शेजारच्या खुर्चीत हातोदकडचे एक काका असायचे. मुलाने त्यांना सांगितलं होतं, ही ताकदीची बाटली. एकदा मुलगा औषध आणायला खाली गेला तेव्हा ते माझ्याकडे झुकले. "बेन, सच बताजे. ताकद की बाटल से बाल झड़े कँई?"

केस कशाने गळतात ते सांगायला मला तोंड उघडता आलं असतं. पण सांगायचा हक्क माझाही नव्हता. मी म्हटलं, "काका, फाइल आपकी है. बेटे से माँगो. गोद में लेके बैठो."

मुलगा वर आला, बापाने फाईल मागितली, आणि तो माझ्यावर घसरला. "आपको क्या पड़ी है?" सिस्टरने आम्हाला वेगवेगळ्या ओळींत बसवलं. पुढच्या वेळी मी आले तेव्हा काका पलीकडच्या टोकाला होते. मांडीवर फाईल होती, चष्मा लावून उलटी-सुलटी बघत होते. मुलगा शेजारी खाली मान घालून बसला होता, आणि काकांचा हात त्याच्या पाठीवर होता.

तुम्ही पेशंट असाल तर एवढं ऐका. फाईल तुमच्या पिशवीत ठेवा. इंग्रजी कळत नसेल तर विचारा, पुन्हा विचारा, लाज डॉक्टरांना वाटू दे. आणि घरचे एकाएकी तुमचं सगळं ऐकायला लागले, तर सावध व्हा.

राहिलेला चढ

औषध संपलं, गाठी बसल्या. मी डॉक्टरांना विचारलं, लेहला कधी जाऊ? ते म्हणाले दोन वर्षं थांबा. मी म्हटलं सहा महिने. ते चिडले, हसले, मग एका वर्षावर सौदा पटला. माल चांगला होता म्हणायचा.

यंदा जुलैमध्ये गेले. कॅप्टन नको, गट नको. मनालीपासूनचा रस्ता माझा चढून झाला होता, तो खरा होता. राहिला होता तेवढाच घ्यायचा. नवरा म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, गाडीत मागे बसा, काही बोलू नका. तो आला.

पहाटे लेह सोडलं. अर्ध्यावर चौकी लागते; तिथपर्यंत डांबर बरं आहे. जवानाने कागद बघितले, माझे आखूड उगवलेले पांढरे केस बघितले, आणि माझ्या मागे नजर टाकत विचारलं, "मैडम, साथ में कौन है?"

हिमालयातसुद्धा!

"मेरे बारे में मुझसे पूछो, भैया," मी म्हटलं. तो हसला आणि त्याने खरंच मलाच विचारलं : चक्कर येते का, डोकं दुखतं का, पाणी आहे का. मग म्हणाला, "जाइए."

पुढचा रस्ता खडी आणि चिखल. दर शंभर पावलांवर उतरले. दोनदा ओकले. एका वळणावर मागून गाडीचं दार वाजलं. नवरा उतरून उभा होता. तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा आत जाऊन बसला. लग्नाच्या तीस वर्षांत त्याने माझ्यासाठी केलेली सगळ्यात अवघड गोष्ट ती. वर पोचायला मला दुपार झाली. पाटीखाली बसून मी सायकलच्या चाकाला टेकले. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. परत उतरताना मी नवऱ्याशी स्वतःहून बोलले. त्याचा हिशोब मी मिटवला आहे. डॉक्टरांनी समोर बसून माफी मागितली. कॅप्टनने फोनवर मागितली, थोडी कुरकुरत.

दादा, तू राहिलास.

गेल्या वर्षी केस गेलेले म्हणून मी ओवाळलं नाही, असं तू नातेवाइकांत सांगितलंस. तेही खोटं. भाऊबीज पुन्हा आली आहे. पाट मांडलेला असेल, रांगोळी असेल, तुझ्या आवडीची करंजी असेल. ताटात निरांजनाशेजारी ते जुनं मेडल असेल. मी ताट घेऊन समोर उभी राहीन, पण कुंकवाचं बोट उचलण्याआधी तू सांगायचंस : डॉक्टरांसमोर माझ्या खुर्चीवर जाऊन बसायला तुला कोणी सांगितलं होतं? आई, प्रेम, काळजी यांतलं काही मध्ये आणू नकोस. आणि वहिनीला पुढे करू नकोस. साथीला कोणी न घेता ये, एकटा, आणि उत्तर दे.